केनेट स्क्वेअरची कुत्री आणि एका जनुकोपचाराची घडण : नेत्रसंशोधनातील सामायिक सुविधांचे एक प्रकरण

१९ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘लक्सटर्ना’ या औषधाला मान्यता दिली. एका विशिष्ट जनुकातील दोषामुळे होणाऱ्या आजारावर, त्या जनुकाची निर्दोष प्रत थेट रुग्णाच्या शरीरात सोडून करायचा उपचार अमेरिकेत मान्य होण्याची ही पहिलीच वेळ होती. आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यामुळे जन्मापासून किंवा बालपणापासून दृष्टी गमावत चाललेल्या रुग्णांसाठी हे औषध आहे. या यशाची हकिकत सांगताना फिलाडेल्फियातील जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर, कुत्र्यांच्या नेत्ररोगांचे अभ्यासक गुस्तावो अगीरे आणि ग्रेगरी अ‍ॅक्लंड, फ्लोरिडातील विल्यम हॉसवर्थ, तसेच सॅम्युएल जेकबसन आणि आर्टुर चिडेचियान यांची नावे घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. तथापि या मंडळींच्या प्रयोगांना आधार देणारी जी यंत्रणा होती, म्हणजे आनुवंशिक नेत्ररोग असलेल्या कुत्र्यांची वसाहत, निर्दोष जनुक पेशीत पोचवणारे विषाणूवाहक तयार करणाऱ्या प्रयोगशाळा, दृष्टिपटलाचे विद्युत्-मापन आणि प्रतिमांकन करणारे कक्ष, जनुकचाचणीची सोय आणि अंध व्यक्तीचे चालणे मोजण्यासाठी मांडलेली खोली, तिचा विचार क्वचितच स्वतंत्रपणे केला जातो. यातील पहिल्या काही सोयी तर या औषधाची कल्पनाही कोणी मांडली नव्हती तेव्हापासून चालू होत्या. माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे तेच आहे : सामायिक सुविधा ही एखाद्या प्रकल्पाच्या मागणीनुसार उभी करता येत नाही, ती आधीपासून चालू असावी लागते, आणि ती चालू ठेवण्यासाठी कोणीतरी निकालाची वाट न पाहता पैसे देत राहावे लागतात.

आजार आणि त्याचे मूळ

जन्मजात किंवा अगदी कोवळ्या वयात तीव्र दृष्टिहीनता आणणाऱ्या दृष्टिपटलाच्या एका विकारसमूहाचे वर्णन जर्मन नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी १८६९ मध्ये केले, आणि तो समूह आजही लेबर जन्मजात अंधत्व या नावाने ओळखला जातो. अनेक निरनिराळ्या जनुकांतील दोषांमुळे तो होतो. आरपीई६५ हे त्यांपैकी एक. हा दोष अप्रभावी स्वरूपाचा असतो, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच मूल आजारी पडते, आणि आईवडील स्वतः मात्र ठणठणीत असतात. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. अशा घरांत दोन्ही बाजूंना एकाच पूर्वजाकडून आलेली तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते, म्हणून या आजारांचा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही.

आरपीई६५ हे प्रथिन दृष्टिपटलाच्या मागील रंगद्रव्य-पेशींच्या थरात असते. प्रकाशग्राही पेशीतील ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू प्रकाश पडताच आपला आकार बदलतो आणि त्या बदलातूनच दृष्टीचा संकेत सुरू होतो. पण एकदा बदललेला रेणू पुन्हा मूळ आकारात आणल्याशिवाय ती पेशी दुसऱ्यांदा प्रकाश टिपू शकत नाही. हे पुनर्भरणाचे काम आरपीई६५ करते. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी १९९३ मध्ये हे जनुक वेगळे केले, १९९७ मध्ये माणसांतील दोष सापडले, १९९८ मध्ये ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि हे प्रथिन स्वतःच तो रासायनिक बदल घडवून आणते हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. उपचाराच्या दृष्टीने यातील कळीची गोष्ट अशी की प्रथिन नसले तरी प्रकाशग्राही पेशी लगेच मरत नाहीत. काही वर्षे त्या जिवंत असूनही कामाविना पडून राहतात. म्हणजे डोळा जवळजवळ आंधळा असतो, पण त्यात दुरुस्त करण्याजोगे काहीतरी शिल्लक असते.

ब्रियार्ड कुत्री

ब्रियार्ड ही मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची फ्रेंच जात. स्वीडनमधील पशुनेत्रवैद्य क्रिस्टिना नार्फस्ट्रोम यांनी १९८९ मध्ये या जातीतील जन्मजात दृष्टिदोषाचे वर्णन केले. पुढे १९९८-९९ च्या सुमारास दोन स्वतंत्र गटांना या कुत्र्यांच्या आरपीई६५ जनुकातील चार अक्षरांची गळती सापडली. अगीरे यांच्या गटाने अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधील ब्रियार्ड कुत्र्यांतही तोच दोष असल्याचे दाखवले, आणि तो एकाच पूर्वजापासून पसरला असावा असा निष्कर्ष काढला. अशा रीतीने मानवी आजाराचे अगदी जवळचे प्रतिरूप मोठ्या डोळ्याच्या प्राण्यात उपलब्ध झाले. उंदराचा डोळा सुमारे तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यात भिंगच बहुतेक जागा व्यापते. कुत्र्याचा डोळा माणसाच्या डोळ्याच्या बराच जवळ जातो, त्यामुळे माणसावर करायची शस्त्रक्रिया त्याच उपकरणांनी आणि जवळजवळ त्याच प्रमाणात औषध देऊन त्यात करून पाहता येते.

दोष सापडणे वेगळे, आणि तो असलेली पुरेशी कुत्री योग्य वयात, नीट नोंदींसह हाताशी असणे वेगळे. हे दुसरे काम पेनसिल्व्हेनियातील केनेट स्क्वेअर या गावी असलेल्या ‘रेटिनल डिसीज स्टडीज फॅसिलिटी’ने केले. त्या काळी अगीरे आणि अ‍ॅक्लंड न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठात काम करत होते, आणि कुत्री मात्र काही तासांच्या अंतरावर केनेट स्क्वेअरला वाढत होती. नंतर अगीरे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक विद्याशाखेत गेले. नॅशनल आय इन्स्टिट्यूटचे पुन्हा पुन्हा नूतनीकरण होत आलेले अनुदान आणि ‘फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेस’ या, १९७१ मध्ये रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांनी स्थापन केलेल्या संस्थेची मदत, यांवर ही वसाहत चालत आली आहे.

अशी वसाहत चालवणे म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहिले पाहिजे. दोष अप्रभावी असल्यामुळे वाहक (म्हणजे एकच सदोष प्रत असलेले, स्वतः निरोगी) नर आणि वाहक मादी यांच्या पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा आजारी निघतो. आजारी आणि वाहक यांची जोडी लावली तर निम्मी. मादीची गर्भावस्था सुमारे दोन महिन्यांची, आणि पिल्लू स्वतः प्रजननक्षम व्हायला वर्षभराच्या आसपास लागते. केवळ भावंडांतच जोड्या लावत गेले तर इतर दोष साचतात, म्हणून बाहेरचे रक्त आणावे लागते आणि प्रत्येक पिल्लाची जनुकचाचणी करून नोंद ठेवावी लागते. एखाद्या गटाला चार महिन्यांची, एकाच वेताची, तपासलेली तीन पिल्ले हवी असली तर त्यांची तयारी किमान वर्षभर आधी सुरू झालेली असावी लागते. संशोधकाच्या प्रकल्प-अनुदानाची मुदत साधारण चार-पाच वर्षांची. एका कुत्र्याचे आयुष्य त्याच्या दुपटीहून अधिक. उपचार दहा वर्षे टिकतो का हा प्रश्न विचारायचा असेल, तर ज्या अनुदानातून उपचार दिला ते संपल्यानंतरही त्या कुत्र्याला खाऊ घालणारा आणि दर ठरावीक काळाने तपासणारा माणूस नोकरीत असला पाहिजे. वीर्य गोठवून वंश राखता येतो हे खरे, पण वसाहत एकदा मोडली की अनुभवी पशुवैद्य, काळजी घेणारे कर्मचारी आणि त्यांची नोंद ठेवण्याची शिस्त पांगते. ती गोठवून ठेवता येत नाही.

२००० साली तीन कुत्र्यांच्या एकेका डोळ्यात दृष्टिपटलाखाली आरपीई६५ची निर्दोष प्रत सोडण्यात आली, आणि मे २००१ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. जन्मापासून न दिसणाऱ्या कुत्र्यांना उपचार केलेल्या बाजूने दिसू लागले होते. त्यांतील लॅन्सलॉट नावाचा कुत्रा वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींसमोर नेण्यात आला, आणि तो लवकरच या विषयाचा चेहरा बनला. त्याआधी, सप्टेंबर १९९९ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच दुसऱ्या एका आजारावरील जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला होता आणि या क्षेत्रावर संशयाचे सावट होते. अशा वेळी मोठ्या प्राण्यातील खात्रीचा पुरावा नसता, तर माणसांवरील चाचणीचा प्रस्ताव पुढे सरकणे फार अवघड गेले असते.

दिसते हे सिद्ध कसे करायचे

कुत्रा अडथळे टाळून चालतो हे पाहून डोळे पाणावतात, पण त्यावर शोधनिबंध उभा राहत नाही. त्यासाठी मोजमाप लागते, आणि मोजमापाची उपकरणे व ती चालवणारे हात बहुधा सामायिक कक्षात असतात. इलेक्ट्रोरेटिनोग्राम, म्हणजे ईआरजी, हे त्याचे चांगले उदाहरण आहे. प्राण्याला भूल देऊन, बराच वेळ अंधारात ठेवून, मंद लाल प्रकाशात त्याच्या डोळ्यावर स्पर्शभिंगासारखा विद्युदग्र बसवतात. मग नेमक्या मोजलेल्या तीव्रतेचा प्रकाशझोत क्षणभर पाडतात आणि दृष्टिपटलाने दिलेला प्रतिसाद काही मायक्रोव्होल्टच्या लहरीच्या रूपात नोंदवतात. उपचार न केलेल्या ब्रियार्डच्या डोळ्यात ही लहर जवळजवळ सपाट असते. भूल थोडी कमी-जास्त झाली, अंधाराला सरावण्याचा वेळ चुकला, विद्युदग्र किंचित सरकला किंवा जवळच्या एखाद्या यंत्राचा विद्युत्-गोंगाट तारेत शिरला, की त्या लहरीचा अर्थ लावता येत नाही. वर्षानुवर्षे तेच काम करणारा तंत्रज्ञ आणि तीच प्रकाशतीव्रता देणारे, वेळोवेळी तपासलेले यंत्र यांवाचून २००० आणि २००५ सालच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. २००१ च्या निबंधात ईआरजीबरोबर प्रकाशाने बाहुली किती आकुंचित होते, मेंदूपर्यंत संकेत पोचतो का आणि प्राणी प्रत्यक्ष कसा वागतो, हेही मोजले होते. एकाच गटाने ही सारी साधने आपल्या खर्चाने उभी करायची ठरवली असती, तर पहिली काही वर्षे त्यातच गेली असती.

विषाणूवाहकाची गोष्टही तशीच. निरुपद्रवी केलेला अ‍ॅडिनो-असोसिएटेड विषाणू बाटल्यांतील पेशींमध्ये तयार करणे, त्यातील रिकामी कवचे वेगळी करणे, शुद्धता व मात्रा मोजणे हे कौशल्याचे काम आहे. कुत्र्यांसाठीचा वाहक फ्लोरिडा विद्यापीठातून आला, कारण तेथे हे काम करणारा गट आधीपासून होता. माणसांवरील फिलाडेल्फियाच्या चाचणीसाठी वाहक ‘चिल्ड्रन्स हॉस्पिटल ऑफ फिलाडेल्फिया’च्या कोशिकीय आणि रेण्वीय उपचार केंद्रात तयार झाला, ते केंद्र कॅथरिन हाय यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले होते आणि तेथील वाहकनिर्मिती विभाग निरनिराळ्या रोगांवरील चाचण्यांसाठी काम करत होता. या विभागांतून येणारी सुधारणा किती बारीक असते याचे एक उदाहरण सांगतो. वाहकाचे कण सिरिंज आणि नळीच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्यामुळे बाटलीत मोजलेली मात्रा आणि डोळ्यात प्रत्यक्ष गेलेली मात्रा यांत फरक पडतो. लक्सटर्नाच्या एका डोळ्याच्या मात्रेत १५० अब्ज वाहककण असतात आणि ते अवघ्या ०.३ मिलिलिटर द्रवात दिले जातात. इतक्या थोड्या द्रवात भिंतींना चिकटून गेलेला हिस्सा नगण्य राहत नाही. पोलॉक्सामर १८८ हा पृष्ठसक्रिय पदार्थ अगदी अल्प प्रमाणात मिसळून हे चिकटणे थांबवण्यात आले, आणि तो आजही औषधाच्या घटकांत आहे. वृत्तपत्रांत या सुधारणेची बातमी कधी आली नसेल, पण तिच्याशिवाय प्रत्येक रुग्णाला किती औषध मिळाले हे खात्रीने सांगता आले नसते.

माणसांपर्यंत

कुत्र्यांतील यशानंतर पहिला प्रश्न होता तो माणसांच्या डोळ्यांत दुरुस्त करण्याजोग्या पेशी खरोखर शिल्लक आहेत का, हा. फिलाडेल्फियाच्या शाय आय इन्स्टिट्यूटमध्ये जेकबसन आणि चिडेचियान यांच्या गटाने ओसीटीने, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर मायक्रोमीटरमध्ये मोजणाऱ्या प्रतिमांकनाने, २००५ मध्ये याचे उत्तर दिले : आरपीई६५च्या रुग्णांच्या जवळजवळ आंधळ्या डोळ्यांतही प्रकाशग्राही पेशींचा थर काही भागांत टिकून होता. इंजेक्शन नेमके कोठे द्यायचे हे या नकाशांवरून ठरू शकले.

दुसरी गरज होती रुग्ण शोधण्याची. लेबर अंधत्वाच्या एकंदर रुग्णांपैकी थोड्यांतच आरपीई६५ सदोष असते, आणि खात्रीशीर जनुकचाचणीशिवाय ते ओळखता येत नाहीत. आयोवा विद्यापीठात एडविन स्टोन यांच्या नेतृत्वाखालील कार्व्हर ना-नफा जनुकचाचणी प्रयोगशाळेने हे काम अनेक वर्षे देशभरच्या नेत्रवैद्यांसाठी केले. पुढे निर्णायक चाचणीचे दुसरे केंद्रही आयोवाच होते. नॅशनल आय इन्स्टिट्यूटने २००६ पासून ‘आयजीन’ हे जाळे उभे केले, त्यातही आनुवंशिक नेत्ररोगाच्या रुग्णांची जनुकचाचणी आणि नमुन्यांचा साठा एकत्र ठेवण्याची योजना होती. फिलाडेल्फियातील पहिल्या रुग्णांपैकी काही इटलीतील नेपल्सच्या नेत्रविभागातून आले होते, कारण तेथे त्यांचे निदान आधीच झालेले होते.

२००७ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयात आणि अमेरिकेत दोन ठिकाणी स्वतंत्र चाचण्या सुरू झाल्या. एप्रिल २००८ मध्ये लंडन आणि फिलाडेल्फियाच्या गटांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एकाच वेळी, प्रत्येकी तीन रुग्णांचा अहवाल दिला. पुढे २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आठ ते ४४ वर्षे वयाच्या बारा रुग्णांचे निकाल आले आणि लहान वयात उपचार झालेल्यांना अधिक लाभ झाल्याचे दिसले.

मग एक अडचण पुढे आली जी या क्षेत्रात कोणी तोपर्यंत सोडवली नव्हती. नेत्रवैद्याच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता अशा रुग्णांत झालेली सुधारणा नीट दाखवत नाही, कारण त्यांची मुख्य व्यथा मंद प्रकाशात न दिसण्याची असते. त्यासाठी वेगवेगळ्या प्रकाशातील चालण्याची चाचणी तयार करण्यात आली. सुमारे पाच फूट बाय दहा फूट जागेत बाणांनी वाट आखलेली, वाटेत अडथळे, आणि पाठ करता येऊ नये म्हणून बारा वेगवेगळ्या मांडण्या. प्रकाश सात पातळ्यांवर बदलता येतो : रात्री घरात लावलेल्या मंद दिव्याच्या उजेडाइतक्या एका लक्सपासून उजळ कार्यालयासारख्या ४०० लक्सपर्यंत. रुग्ण चालतो, त्याचे चित्रीकरण होते, आणि कोणाला उपचार मिळाला हे माहीत नसलेले परीक्षक चित्रफीत पाहून ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या चुकांच्या मर्यादेत तो वाट पार करू शकला का ते नोंदवतात. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णायक चाचणीत ३१ रुग्णांची विभागणी करण्यात आली होती, त्यांपैकी २१ जणांना आधी उपचार आणि दहा जणांना एक वर्ष थांबून. (आधीच्या गटातील एक जण उपचाराआधीच बाहेर पडला.) उपचार मिळालेल्या वीस जणांपैकी तेरा जण वर्षअखेरीस एका लक्सच्या प्रकाशातही वाट पार करू शकले. थांबलेल्या गटात असा एकही नव्हता. ऑक्टोबर २०१७ मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सोळा विरुद्ध शून्य मतांनी शिफारस केली ती मुख्यतः या मोजमापाच्या बळावर. ही मांडणी आखण्यासाठी, तिची विश्वासार्हता तपासण्यासाठी आणि नियामकांना ती पटवून देण्यासाठी जी वर्षे गेली, त्यांचे श्रेय मला औषधाच्या श्रेयापेक्षा फार कमी वाटत नाही.

सुविधांचा खर्च कोण उचलतो

अमेरिकेत नेत्रसंशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था असावी हा निर्णय १९६८ मध्ये कायद्याने झाला, तीच नॅशनल आय इन्स्टिट्यूट, आणि १९७० मध्ये कार्ल कुफर तिचे पहिले संचालक झाले. या संस्थेच्या अनुदानांत ‘कोअर’ अनुदान हा एक वेगळा प्रकार आहे. ज्या विद्यापीठात नेत्रविज्ञानातील पुरेसे स्वतंत्र प्रकल्प चालू आहेत, त्या विद्यापीठाला ते प्रकल्प सोडून केवळ त्यांच्या सामायिक गरजांसाठी हे अनुदान मिळते : सूक्ष्मदर्शक आणि प्रतिमांकन, ऊतींचे काप आणि रंजन, विद्युत्-मापन, जीवसांख्यिकी, उपकरणे घडवणारी कार्यशाळा, प्राण्यांची देखभाल, संगणन. या पैशातून तंत्रज्ञाचा पगार, यंत्राचा देखभाल-करार, सुटे भाग आणि कधीकधी नव्या उपकरणाचा काही हिस्सा भागतो. नवा शोध लावण्यासाठी हा पैसा नसतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठालाही असे कोअर अनुदान दीर्घकाळ मिळत आले आहे.

ही रचना व्यवहारात जितकी साधी तितकीच नाजूक आहे. सुविधेचा प्रमुख आपल्या गटाला आधी वेळ देतो अशी कुरकूर कोठेही होऊ शकते, म्हणून वापराचे वेळापत्रक उघड असावे लागते आणि तक्रार ऐकणारी समिती वेगळी असावी लागते. वापराचे शुल्क लावावे की नाही, यावर वाद होतो : शुल्क नसेल तर यंत्रावर गर्दी आणि बेफिकिरी, शुल्क जास्त असेल तर नव्याने रुजू झालेला, अजून अनुदान न मिळालेला तरुण संशोधक दारातूनच परत जातो. माझे मत असे की नव्या माणसाला पहिली दोन-तीन वर्षे सवलत द्यावी, कारण प्राथमिक निकालाशिवाय त्याला अनुदान मिळत नाही आणि यंत्राशिवाय प्राथमिक निकाल मिळत नाही. सर्वांत दुखरी बाब मात्र तंत्रज्ञांची आहे. ईआरजीचे यंत्र चालवणारी व्यक्ती पंधरा वर्षे काम करून इतरांच्या कैक निबंधांना आधार देते, आणि तिची बढती मोजण्याची पट्टी मात्र तिच्या नावावरील निबंधांची असते. अशी माणसे खासगी कंपनीत निघून गेली की सुविधा कागदावर तशीच राहते, पण तिचे निकाल बदलतात.

कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही. आंधळी जन्मणार हे माहीत असून पिल्लांना जन्म द्यायचा का? मला हा प्रश्न हलका वाटत नाही, आणि उपचार यशस्वी झाला म्हणून तो सुटला असेही वाटत नाही. याचे एक अंशतः उत्तर सामायिकतेतच आहे : एकाच वसाहतीतील प्राण्यांवरून जितक्या गटांना उत्तरे मिळतील, तितकी नवी पैदास कमी लागते, आणि तितक्या वेगळ्या वसाहती टाळता येतात. प्राणी नैतिकता समितीची देखरेख, पुरेसा पशुवैद्यकीय कर्मचारीवर्ग आणि प्रयोग संपल्यावर शक्य तेथे प्राणी घरोघरी दत्तक देणे, यांचा खर्चही कोअरच्या हिशेबात दिसला पाहिजे. बेनेट आणि मॅग्वायर यांनी चाचणीतील दोन कुत्री स्वतःच्या घरी नेली.

मान्यतेनंतरचे प्रश्न

जानेवारी २०१८ मध्ये औषधाची किंमत जाहीर झाली : एका डोळ्याचे ४,२५,००० डॉलर, दोन्ही डोळ्यांचे ८,५०,०००. ते बाजारात आणणारी ‘स्पार्क थेराप्युटिक्स’ ही कंपनी २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या त्याच बालरुग्णालयाच्या (चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या) कामातून उभी राहिली होती. कंपनीने चाचणी पूर्ण करण्यात, उत्पादन वाढवण्यात आणि नियामकांपुढे जाण्यात मोठा पैसा घातला हे मान्य केले, तरी ज्या पायावर ते काम उभे राहिले तो करदात्यांच्या आणि रुग्णकुटुंबांच्या देणगीच्या पैशांतून तीन दशके घातला गेला होता. किंमत ठरवताना त्या पायाचा विचार झाला असे दिसत नाही, आणि सामायिक सुविधांकडे त्या उत्पन्नाचा ठरलेला वाटा परत यावा अशी व्यवस्थाही सर्वसाधारणपणे नाही. ही उणीव भरून काढली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

भारतात अशा सुविधांची कल्पना नवी नाही. पुण्यात गणेशखिंडला असलेले राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र १९८६ मध्ये प्राणी-ऊती आणि पेशी-संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाले. देशभरच्या प्रयोगशाळांना तपासलेल्या पेशी पुरवणे हेच त्याचे मूळ काम होते आणि पेशींचे ते भांडार आजही चालू आहे. पवईच्या आयआयटीतील सामायिक विश्लेषण-उपकरण केंद्रात कोणत्याही महाविद्यालयाचा संशोधक आपला नमुना पाठवून, शुल्क भरून तपासून घेऊ शकतो. रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञानात ही पद्धत आपल्याकडे रुळली आहे. दृष्टिविज्ञानात मात्र पेशींच्या पुढची पायरी, म्हणजे दीर्घकाळ नोंदलेले रुग्णसमूह, स्वस्त आणि खात्रीची जनुकचाचणी, वाहकनिर्मिती आणि मोठ्या प्राण्यांवरील चाचणी, हे सगळे एका साखळीत यावे लागेल, आणि त्या साखळीतील एक कडी नसली तर उरलेल्या कड्यांवर केलेला खर्च अर्धवट राहतो.

फिलाडेल्फियाच्या प्रकरणात ही साखळी माणसांवरील पहिल्या यशानंतरही उपयोगी पडत राहिली. २०१३ मध्ये चिडेचियान यांच्या गटाने दाखवले की उपचारानंतर रुग्णांची दृष्टी सुधारली तरी पेशींचा ऱ्हास पूर्वीच्याच गतीने चालू राहतो, आणि २०१५ मध्ये त्या गटाने तसेच लंडनच्या गटाने काही रुग्णांत मिळालेला लाभ काही वर्षांनी ओसरू लागल्याचे नोंदवले. आता प्रश्न असा पडला की उपचार उशिरा झाला म्हणून असे होते, की उपचारच अपुरा आहे? माणसांत याचे उत्तर मिळायला दशके लागली असती. केनेट स्क्वेअरला मात्र ब्रियार्डचा तोच वंश अजून टिकून होता, आणि तोही वेगवेगळ्या वयांत. मध्यम आणि उशिराच्या टप्प्यावर उपचार केलेल्या कुत्र्यांचा दीर्घ काळ पाठपुरावा करून २०२० मध्ये दाखवण्यात आले की उपचाराच्या वेळी दृष्टिपटलाच्या त्या भागात प्रकाशग्राही पेशी बऱ्याच प्रमाणात शिल्लक असतील तर ऱ्हास थांबतो, आणि फार कमी उरल्या असतील तर तो पुढे चालू राहतो. म्हणजे रुग्णाचे वय न पाहता ओसीटीने त्या-त्या भागातील थराची जाडी पाहून निर्णय घ्यावा, आणि निदान शक्य तितक्या लवकर व्हावे, असा त्याचा थेट व्यावहारिक अर्थ आहे.

त्याच वसाहतीतील इतर वंशांनीही आपापली कामे केली आहेत. आरपीजीआर जनुकातील दोषामुळे होणाऱ्या लिंगगुणसूत्राशी निगडित दृष्टिपटल-ऱ्हासावर कुत्र्यांतील जनुकोपचार २०१२ मध्ये यशस्वी झाला, रंगांधतेच्या तीव्र प्रकारावर २०१० मध्ये, आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागाला बाधणाऱ्या बेस्ट या आनुवंशिक विकारावर २०१८ मध्ये. २०१४ मध्ये विल्यम बेल्ट्रान यांच्या गटाला कुत्र्याच्या दृष्टिपटलात माणसाच्या तीक्ष्ण दृष्टीच्या केंद्रासारखा शंकुपेशींचा दाट पुंजका आढळला. शतकभर अभ्यासलेल्या प्राण्यात हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. या वंशांपैकी काहींवरचे काम माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचले आहे, आणि काहींचा उपयोग अजून कोणाला सुचलेला नाही. नूतनीकरणाच्या वेळी अनुदान-समितीसमोर या दुसऱ्या गटाच्या बाजूने बोलणे सर्वांत कठीण असते, कारण दाखवायला निकाल नसतो. १९८९ ते २००० या काळात ब्रियार्डच्या वंशाचीही तीच स्थिती होती.